चहाच्या चोथ्याचं रान

बन्सीधर देखावा न्यायला येणार होता, आणि सकाळपासून मार्तंडरावांना चहा जात नव्हता.

चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर ते परभणीत घरी बसून छोट्या रेल्वेचे देखावे करीत. रूळ, डबे विकत मिळतात. जमीन मात्र हातानं करावी लागते. त्यापायी घरची एक चाळणी आणि एक तवा गेला. बायकोनं, सुमंगलाबाईंनी, दोन्हींवर पाणी सोडलं होतं, बोलणं तेवढं सोडलं नव्हतं.

बन्सीधर शेतकरी. त्याचं ताडकळसकडचं रान रेल्वेच्या दुसऱ्या लायनीसाठी सरकारनं घेतलं. जाण्याआधी त्यानं डबाभर माती काढून आणली. "गुर्जी, गाडी कसलीबी पळवा. रान माजं ह्याच मातीचं करा."

"दिला शब्द," गुरुजी म्हणाले. शब्द द्यायला त्यांना कधी वेळ लागत नसे.

माती चाळली, किडे राहू नयेत म्हणून भाजली, फळीवर अंथरून फेविकॉलचं पाणी सोडलं. वाळली तशा तिला भेगा पडल्या. पुन्हा केली, पुन्हा भेगा. जन्मभर पोरांच्या चित्रांतले डाग खोडणाऱ्या माणसाला ते बघवेना. त्यांनी ती खरवडून तुळशीच्या कुंडीत टाकली आणि चहाचा चोथा वाळवून, काळा रंगवून फळीवर पसरला. दिसायला मातीहून माती!

बन्सीधर आला. मोतीबिंदूमुळं देखाव्यावर पार ओणवा झाला. "लय भारी! ह्यो आमचा लिंब, ह्यो बांध..." मग त्यानं चप्पल काढली, रानाला बोट लावलं आणि ते कपाळाला टेकवलं.



"माती उरली का वो? आमच्या लेकीला, सुमनला, देवापाशी ठिवायची हाय."

आत सुमंगलाबाईंनी भांडं आपटलं. तेवढं पुरलं.

"उरली, दादा," गुरुजी म्हणाले. "सगळीच उरली." आणि भेगा, कुंडी, चोथा, सगळं सांगून टाकलं.

बन्सीधरनं बोट हुंगलं. "तरीच म्हणलं, रान आसं गुळगुळीत कसं? गुर्जी, चैतात आमच्या भेगांत बैलाचा पाय अडकायचा. त्या न्हाईत तर हे माजं रान कुठलं?"

गुरुजी खुरपं घेऊन उठले.

"तुळस दुखवाल तर बघा!" सुमंगलाबाई दारातून म्हणाल्या.

"द्या इकडं," म्हणत बन्सीधरनं खुरपं काढून घेतलं आणि तो कुंडीशी बसला. डोळ्यांचा उपयोग नव्हताच. तो एकेक खडा बोटांत धरून दाबून पाहू लागला.

"ही तुमची. ही माजी. हीबी माजी."

गुरुजी रिकामा डबा धरून उभे होते. दर 'माजी'ला त्यांची मान आणखी खाली जात होती.