आतली कडी

त्या गल्लीत कुणाच्याच दाराला कुलूप नसायचं. नव्यानं राहायला आलेल्या कुलूपवाल्याला हे कळलं तेव्हा बायको म्हणाली, "छान जागा शोधलीत. आता खा वारा."

"इथं चोऱ्यामाऱ्या होतच नाहीत," शेजारचा शिंपी छाती फुगवून सांगायचा. "चौकीतला हवालदार नुसता पेंगत असतो."

पहिलं काम आलं ते मास्तरांच्या घरून. त्यांच्या बायकोला कडी हवी होती, पण आतल्या खोलीला आणि तीही आतून. कुलूपवाला गेला तर सासूबाई तिथून हलेचनात.

"मांजर शिरतं हो, मिस्त्री," त्या न विचारताच म्हणाल्या.

त्यानं चौकटीवरून हात फिरवला. जुन्या स्क्रूंची भोकं होती, भोवतालचं लाकूड उचकटलेलं. इथली कडी कुणीतरी बाहेरून लाथ घालून उखडली होती. सुनेच्या मनगटावर काळानिळा वळ होता.

"न्हाणीत घसरली," सासूबाईच म्हणाल्या.

कडी बसवून आल्यावर त्यानं शिंप्याला विचारलं. शिंप्यानं मशीन थांबवलं. "घरातली गोष्ट आहे. आपण कशाला नाक खुपसायचं?"

म्हणजे याला माहीत होतं. कदाचित सगळ्यांनाच.

तो चौकीत गेला, तर हवालदारानं हात झटकले. "तिची तक्रार आहे का? मग तिनं यावं."

संध्याकाळी दुकानात स्वतः मास्तर आले. कुलपं हाताळत हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, चौकीत काही काम निघालं होतं का?"

त्यांना कुणी सांगितलं असेल? हवालदारानं की शिंप्यानं? कुलूपवाल्याला रस्त्यावरचं प्रत्येक हसू खोटं वाटू लागलं.

शेवटी त्याची बायकोच उठली. सासूबाई बाजारात गेल्याचं पाहून ती मास्तरांच्या घरी गेली.

"कडी नीट बसली ना?"

"काल तुटली," सून म्हणाली. पदरानं झाकलेला फुटलेला ओठ तिनं उघडा केला. "चौकीपर्यंत याल माझ्याबरोबर?"

भर दुपारी दोघी गल्लीतून चालत गेल्या. खिडक्या उघडल्या, हाक मात्र कुणीच मारली नाही. हवालदाराला तक्रार लिहून घ्यावीच लागली. मास्तरांना पोलीस घेऊन गेले, सून भावाकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीचं कुलूपवाल्याशी बोलणं बंद. शिंपी मात्र दारात येऊन म्हणाला, "तुम्ही आलात आणि गल्लीत गुन्हे सुरू झाले."

त्याच्यामागे त्याची बायको उभी होती. इतक्या दिवसांत आपण हिचा आवाज एकदाही ऐकलेला नाही, हे कुलूपवाल्याच्या तेव्हा लक्षात आलं.