पडद्यातल्या सायकलला पंक्चर होत नाही

मित्रांनो, सीटवर वाळत घातलेलं पोतं, हँडलला अडकवलेली लसणाची जुडी आणि मागच्या चाकाशी झोपलेली कोंबडी, अशी एखादी सायकल तुम्ही कुणाच्या तरी पडवीत पाहिली असेल. तिला सायकल म्हणायचं की खुंटी, असा प्रश्नही तुम्हाला पडला असेल. मी तशीच एक आहे. तिसगावच्या अलीकडे, ओढ्याच्या काठावरच्या एका लहान वाडीत मी राहते. माझा रंग डाळिंबी होता. आता जिथे हात लागत नाही तिथेच तो उरला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला असेल, पण मला आठवतं ते कर्जतच्या बाजारपेठेतलं दुकान. तिथे मी खोक्यातून सुट्या भागांनी आले. दुकानातल्या मिस्त्रीने मला जोडलं. एकेक तार आवळायची, चाक गरकन फिरवायचं, डोळा बारीक करून ते कुठे डुलतं का ते पाहायचं आणि पुन्हा तार आवळायची, असं त्याचं बराच वेळ चाललं होतं. तेवढं लक्ष देऊन माझ्याकडे नंतर कुणी पाहिलं असेल, तर ते सविताने.

सविता तेव्हा शाळकरी होती. तिच्या वडिलांनी मला तिच्यासाठी घेतलं. घरापासून शाळेपर्यंत सगळा माळरस्ता होता आणि बाभळीचे काटे कुणाची वाट अडवताना लहानमोठं बघत नाहीत. माझी ट्यूब सारखी बसायची. मग सविता घमेल्यात पाणी घ्यायची, ट्यूब त्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते शोधायची. पंक्चर ती स्वतः काढायची. रविवारी खोबरेल तेलाचं बोट माझ्या साखळीवर फिरायचं आणि उरलेलं तिच्या वेणीवर.

तिचं लग्न ठरलं, तेव्हा रुखवतात मलाही मांडलं होतं. करंज्या, शेवया, भरतकामाचे रुमाल आणि त्यांच्या शेवटी मी, हँडलला झेंडूची माळ घालून उभी. वऱ्हाडातल्या बायका हसल्या. पण सविता हटली नाही. कपाट, पलंग आणि मी, असे तिघे एकाच टेम्पोतून तिच्या सासरी आलो.

सासूबाईंना, म्हणजे झुंबरबाईंना, सून सायकलवर बसलेली पहिल्यांदा आवडली नाही. "लोक काय म्हनतील?" असं त्या म्हणायच्या. मग एका उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि टँकर शाळेपाशी येऊ लागला. माझ्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन लटकले आणि लोकांचं म्हणणं बंद झालं. पुढे झुंबरबाईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्या माझ्या कॅरिअरवर एका अंगाला बसून तिसगावच्या दवाखान्यात जायला लागल्या. वाटेत भेटेल त्याला सांगायच्या, "माझी सून लई बेतानं चालवती बरं का!" ते ऐकलं की मला माझी घंटी आपोआप वाजेल असं वाटायचं.

सविताचा नवरा कल्याण नागापूरच्या एका कंपनीत कामाला लागला आणि घरात मोटारसायकल आली. तेव्हापासून मी या पडवीत आहे. मला मोटारसायकलचा कधी हेवा वाटला नाही. ती बिचारी उन्हापावसात राबते, चिखलात रुतते, अधूनमधून बंदही पडते. राबणाऱ्याचा हेवा काय करायचा?

हेवा मला दुसरीचाच वाटला.

कल्याणने मागच्या उन्हाळ्यात एक वापरलेला लॅपटॉप घरी आणला. तो खिडकीतल्या टेबलावर ठेवला. खिडकी नेमकी माझ्या डोक्यावर आहे, माझं हँडल तिच्या चौकटीला टेकतं. त्यामुळे आतलं सगळं मला दिसतं. कल्याण आणि सविताची मुलगी सुकन्या शाळेतून आली की दप्तर फेकायची, आईच्या मोबाईलचं नेट जोडायची आणि कसलंसं पान उघडायची. मग पडद्यावर ती यायची. लाल, चकचकीत आणि मडगार्डसुद्धा नसलेली एक सायकल, वर एक चित्रातला पोरगा बसलेला.

मित्रांनो, काय तिचे लाड! तिच्यासाठी आकाशात लाकडी फळ्या अंथरलेल्या. फळ्यांवर पिंपं गडगडत येणार, वरून हातोडे झुलणार, मध्येच फळी संपणार आणि पलीकडच्या फळीवर उडी मारावी लागणार. बाणाच्या बटणांवर सुकन्याची बोटं अशी चालायची की मला माझ्या ब्रेकच्या दांड्यांची लाज वाटायची. ती सायकल खाली कोसळली की सुकन्या एक बटण दाबायची आणि ती पुन्हा होती तशी उभी, ना ओरखडा, ना धूळ.

एकदा झुंबरबाई चष्मा सावरत बघायला बसल्या.

"अगं बाई, पडली की ती! लागलं का त्या पोराला?"

"आजी, ते खरं नाय. बघ, उठला पण."

"कुनी उचललं?"

"मीच. बटण दाबलं की उठतो."

"आन् काटा मोडला म्हंजी?"

"हिला पंक्चर होतच नाय आजी. म्हणून तर भारी आहे!"

म्हणून तर भारी आहे. हे वाक्य माझ्या खिळखिळ्या तारांमध्ये कितीतरी दिवस अडकून बसलं होतं. तिला गंज माहीत नाही, कॅन माहीत नाही, आजीचं ओझं माहीत नाही. आणि सुकन्याचे डोळे लागायचे ते तिच्याकडे. त्या घरातल्या मुलीचा हात माझ्या हँडलवर एकदा पडावा, एवढंच मला हवं होतं. सुकन्या मात्र माझ्यावर फक्त ओला टॉवेल टाकायची.

नवरात्राच्या आधी घराची साफसफाई निघाली आणि दारात पुंजाराम भंगारवाला आला. त्याच्या टेम्पोवर एक मोठा निळा टब होता. झुंबरबाईंना तो पाहताक्षणी आवडला.

"मावशी, टब ठेवा, आन् ती सायकल द्या," पुंजाराम म्हणाला.

सविताने माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाली. "चालवतं तरी कोण आता?" ती हळूच म्हणाली.

"आत्ता न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "नवरात्र तोंडावर आलं की घरातलं लोखंड आमी भाईर देत न्हाई. दसरा झाला की ये. टब ठिवून जा."

टब राहिला. मला द्यायचा शब्द पुंजारामला गेला.

मित्रांनो, आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. खुरपं, विळा, कोयता, पहार, सगळी धुऊन पुसून ओळीने मांडायची, हळदकुंकू लावायचं, वर फूल ठेवायचं आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. दरवर्षी माझ्याही हँडलला कुंकवाचं बोट लागायचं. बाकी वर्षभर कुणी विचारलं नाही तरी चालायचं, त्या एका बोटासाठी मी थांबायचे.

यंदाही झुंबरबाई ताट घेऊन आल्या. शिलाई मशीनला कुंकू लागलं, पहारीला लागलं. माझ्यापाशी त्यांचे पाय थांबले. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हिला कशाला? ही तर चालली." आणि आत गेल्या. लॅपटॉप पाटावर उघडा ठेवला होता. "पोरीचं अवजार हाय," असं म्हणत त्यांनी एकेका बटणाला ओलं हळदकुंकू लावलं. मनापासून लावलं. नंतर फुलाने पाणी शिंपडलं, आणि ते कमी वाटलं म्हणून तांब्यातलंही थोडं सोडलं.

माझ्या वाटणीचं कुंकू त्या पडद्यातलीला गेलं. त्या दिवशी मला जेवढं लागलं, तेवढं कॅनच्या ओझ्यानेही कधी लागलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी सुकन्याने लॅपटॉप लावला. लाल सायकल आली आणि सुसाट सुटली, ती थांबेचना. मागे ओढणाऱ्या बाणाचं बटण हळदीने घट्ट बसलं होतं, दाबलंच जात नव्हतं. पहिल्याच पिंपावर आपटली. उठली, पुन्हा आपटली.

"आजीऽऽ! काय केलंस तू? ब्रेकच गेला ना माझा!"

कल्याण धावत आला. त्याने लॅपटॉप उपडा केला, तर पिवळं पाणी टपटप गळलं. "आई, अगं ही काय पहार आहे का अभिषेक घालायला?"

"मला काय म्हाईत? तुमच्या कंपनीत मशिनीची पूजा न्हाई करत?"

"करतो. पण तिला आंघोळ नाही घालत!"

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? माझी साखळी गंजलेली नसती, तर मी नाचले असते.

सुकन्या दिवसभर फुरंगटून बसली. शेवटी सविता म्हणाली, "एवढी सायकल आवडते, तर खरी चालव की. दारात आहे."

"त्यात काय! मला शेवटची लेव्हल येते. इथं तर नुसता सपाट रस्ता आहे."

"अस्सं? चल मग."

सविताने घमेलं घेतलं. इतक्या वर्षांनी तिची बोटं माझ्या ट्यूबवरून फिरली. चाकात हवा भरली. साखळीला तेल मिळालं आणि सीटवरचं पोतं निघालं. सुकन्या ऐटीत बसली, पायडल मारलं, आणि उतारावर दोन्ही अंगठे मुठीवर दाबत राहिली, जणू तिथे बटणं आहेत. ब्रेकची आठवण तिला झालीच नाही. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला मुरमाच्या ढिगात पडलो.

आणि मित्रांनो, ती तशीच पडून राहिली. कुणीतरी तिला उभं करेल म्हणून थांबल्यासारखी.

"ऊठ," सविता लांबूनच म्हणाली.

"आई, गुडघ्यातून रक्त!"

"दिसतंय मला. आता सायकल उचल. ती काही आपोआप उठायची नाही."

सुकन्याने रडत रडत मला उचललं. "ही घाणच आहे. माझी असती तर लगेच उठली असती!"

माझी असती तर! माझ्याच हँडलला धरून ती त्या पडद्यातलीचं नाव घेत होती.

पण संध्याकाळी सगळी वाडी सीमोल्लंघनाला निघाली आणि सविताने तिला पुन्हा माझ्यावर बसवलं. कॅरिअर धरून ती मागे पळत होती. कधी सोडलं ते सुकन्याला कळलं नाही, मला कळलं. शेळ्या आडव्या आल्या, तिने ब्रेक दाबला. पुढे वाळूचा पट्टा लागला, ती डुगडुगली आणि सावरली. ओढ्यावरच्या अरुंद फरशी पुलापाशी मात्र ती घाबरली आणि मला हातात धरून पलीकडे गेली. गावची शीव आम्ही दोघींनी मिळून ओलांडली. येताना तिच्या ओढणीत आपट्याची पानं होती. सगळ्यांना सोनं देऊन ती पाया पडली. मला पडवीत लोटून दिलं, साधा स्टँडही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुंजारामचा भोंगा वाजला. सविता पडवीत येऊन उभी राहिली. तिने माझ्या हँडलची लसणाची जुडी काढून घेतली. मला वाटलं, झालं.

पुंजारामने माझी दांडी धरली. तेवढ्यात सुकन्या लंगडत आली आणि मागून कॅरिअर धरून उभी राहिली.

"नाय द्यायची!"

"अगं, शब्द दिलाय आपण," सविता म्हणाली. "टब घेतलाय."

"पण फरशी राहिलीय ना माझी! काल मी उतरले तिथं. आज उतरायचं नाय."

"पोरी, सोड. ही आता मोडीतच जानार," पुंजाराम म्हणाला आणि त्याने मला ओढलं. सुकन्याने उलटं ओढलं. जुनी हाडं माझी, कुरकुरली.

झुंबरबाई मोरीपाशी होत्या. नव्या टबात त्यांनी घरभराचे कपडे भिजत घातले होते. त्या उठल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि सगळे कपडे साबणाच्या पाण्यासकट धोंड्यावर उपडे केले. मग तो टब तसाच गळता घेऊन पुंजारामपुढे आल्या.

"घे तुझा टब."

"अवं मावशी, वापरलेला?"

"धुतलेला म्हन. आन् सोड ती सायकल. तिच्यावर बसून दवाखान्यात गेलेली हाय मी. मोडीत म्हनतो!"

पुंजाराम हसला. टबातला फेस झटकून भोंगा वाजवत निघून गेला. त्या दिवशी सुकन्याने फरशी ओलांडली. तिसऱ्या खेपेला.

तुम्ही म्हणाल, आता तुझा हेवा संपला असेल. नाही संपला. पुढच्या शनिवारी कल्याणने लॅपटॉप नगरहून दुरुस्त करून आणला आणि शाळा सुटल्यावर ती लाल नटवी पुन्हा पडद्यावर आली. सुकन्या अजूनही तिला 'भारी' म्हणते. माझ्या तारा अजूनही आतल्या आत जळतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या पडवीत माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्यावर टॉवेल टाकू नका. तिच्या चाकांत हवा भरा, साखळीला तेलाचं एक बोट लावा आणि तिला रस्ता दाखवा. आम्हाला जपलं तर आम्ही नातवंडांपर्यंत पुरतो. पडद्यातलीशी खेळा हवं तर, मी कोण नको म्हणणार?

काल खिडकीतून पाहत होते. लाल सायकल उंच फळीवरून कोसळली, तशी सुकन्याने झटकन आपला गुडघा धरला. तिथे खपली धरली आहे. ती मात्र माझी आहे.