न वाचलेल्या कवितेची उत्तरे

मित्रांनो, माझ्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दल आधीच माफी मागतो. त्यात शाईचा वास थोडा आहे आणि पायमोज्यांचा जास्त. इंग्रजी कवितांच्या प्रश्नोत्तरांचा मी एक जुना गाइड आहे. माझ्या मुखपृष्ठावर एक मुलगा बत्तिशी दाखवत उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर 'हमखास यश' असे लाल अक्षरांत छापलेले आहे. माझ्यासारखी जुनी मंडळी आपली कहाणी सांगताना आपण लोकांच्या किती उपयोगी पडलो ते सांगतात. मीही पुष्कळ उपयोगी पडलो. त्याचीच मला शिसारी आहे.

माझा जन्म एका प्रकाशकाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे पुठ्ठ्यांचे गठ्ठे, खळीचा डबा आणि एक डुगडुगणारे टेबल होते. टेबलाशी एक तरुण शिक्षक बसला होता. नोकरीला लागून त्याला सात महिने झाले होते.

"कविता कुठे आहेत?" त्याने पहिल्या दिवशी विचारले.

"येतायत हो, पाठ्यपुस्तक अजून छापखान्यातच अडकलंय," मालक म्हणाले. "तोवर हे प्रश्न घ्या. सहा दिवसांत उत्तरं हवीत."

"पण कविता न वाचता उत्तरं कशी लिहू?"

"सर, कविता वेगवेगळ्या असतात, उत्तरं तीच असतात."

दोन दिवस तो कवितांची वाट पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने पेन उचलले. पहिले उत्तर लिहायला त्याला तासभर लागला, दहावे पाच मिनिटांत झाले. मग त्याला एक चालच सापडली. लिहिता लिहिता तो पुटपुटायचा, "अलंकार ओळखला, सौंदर्य वाढलं, पुढे!" त्या पुटपुटण्यातच मी लहानाचा मोठा झालो.

'दोन कप' नावाच्या कवितेवर तीन प्रश्न होते. सारे इंग्रजीत होते, मी तुम्हाला मराठीत सांगतो. पहिला, या कवितेतला एक अलंकार ओळखा. ते सोपे होते. दुसरा, "टेबलावर दोन कप कोणी मांडले?" या ओळीतून काय सुचवले आहे? शिक्षकाने क्षणभर छताकडे पाहिले आणि लिहिले, 'कप घरातील नोकराने मांडले.' तिसरा, "एका कपाला ओठांचा विसर पडला आहे" ही ओळ स्पष्ट करा. त्याने लिहिले, 'येथे निर्जीव वस्तूला सजीव मानले आहे. त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढते. कपाला ओठ लागण्यापूर्वी तो स्वच्छ धुवावा, असे कवी सुचवतो.'

मित्रांनो, ही वाक्ये तेव्हापासून माझ्या पोटात आहेत. आंबलेले अन्न पोटात राहावे तशी.

लेखकाच्या जागी 'अनुभवी शिक्षकांचे मंडळ' असे छापले गेले. मंडळात तो एकटाच होता.

माझा पहिला मालक एका डॉक्टरीणबाईंचा मुलगा होता. त्याने मला कव्हर घातले, नाव घातले आणि जेवता जेवता बोट चाटून माझी पाने उलटली. त्याची थुंकी अजून माझ्या कोपऱ्यांवर वाळलेली आहे. त्याने कवितांचे पुस्तक कधी उघडले नाही. निकालाच्या दिवशी त्याची आई मला कपाळाला लावून म्हणाली, "या गाइडनं तारलं हो आमच्या पोराला!" कुणी कपाळाला लावले की पुस्तकाला धन्य वाटायला हवे. मला मळमळले.

दुसरी मालकीण हुशार होती, म्हणजे लबाडीत. तिने माझी नऊ पाने फाडली, घड्या केल्या आणि परीक्षेला जाताना मोज्यात खुपसली. तीन तास ती पाने तिच्या घामट तळव्याखाली भिजत पडली. तिने ती परत आणून माझ्यात कोंबली. तेव्हापासून मला हा वास आहे.

पण घाम, थुंकी हे सहन होते. सहन होत नव्हते ते वेगळेच. एकदा मालकिणीच्या वहीबरोबर मी चुकून तपासणीच्या गठ्ठ्यात गेलो. चाळीस वह्या होत्या. प्रत्येक वहीत तोच नोकर तेच कप मांडत होता. कुणी एखादा शब्द मागेपुढे केला होता, एवढीच काय ती स्वतंत्र बुद्धी! आणि चाळीसही उत्तरांवर बरोबरची खूण होती. त्या खुणा पाहून मला स्वतःचीच किळस आली.

पुढे मी रद्दीत गेलो. तीन वर्षे तेलाच्या रिकाम्या डब्यांखाली दबून राहिलो. माझा कणा ओलाव्याने फुगला, दोन झुरळांनी माझ्या प्रस्तावनेत संसार थाटला. खरे सांगतो, मला बरे वाटले. निदान तिथे माझी कुणी नक्कल करत नव्हते.

तिथून मला एका मुलीने उचलले. ती फारशी बोलत नसे, म्हणून वर्गात तिला सगळे घुमी म्हणत. सरांनी गाइड सक्तीचा केला होता आणि नवा घेणे जमण्यासारखे नव्हते. तिने मला झटकले, झुरळे हाकलली आणि बाबांच्या दुकानात आणले.

तिचे बाबा केस कापत, दाढी करत. दुकान लहानसेच, पण लख्ख. दोन आरशांसमोर दोन खुर्च्या होत्या. उजवीकडच्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसे. डावीकडची घुमीच्या काकाची होती. दोघे भाऊ अठरा वर्षे शेजारी शेजारी उभे राहून काम करत आले होते. मागच्या वर्षी काका तापाने गेला. तरी बाबा रोज सकाळी दोन्ही खुर्च्या पुसत, दोन्ही आरशांपुढे कंगवे मांडत. कुणी चुकून डावीकडे बसू लागले की म्हणत, "ती नको, इकडे या." का नको, हे ते कधी सांगत नसत.

शाळा सुटल्यावर घुमी बाकावर बसून अभ्यास करी. त्या दिवशी 'दोन कप'चा गृहपाठ होता. तिने मला उघडले, पहिले उत्तर उतरवले आणि दुसऱ्याशी थांबली.

"काय गं, पेनातली शाई संपली की डोक्यातली?" बाबांनी विचारले. ते एका म्हाताऱ्या टपालवाल्यांच्या गालांना साबण लावत होते.

"बाबा, यात नोकर लिहिलाय. पुस्तकातल्या कवितेत नोकर नाहीच."

"मग आहे कोण? वाच बघू. आम्हाला कळेल असं वाच."

तिने पाठ्यपुस्तक उघडले आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागली. मित्रांनो, माझ्या पोटात ज्या कवितेची उत्तरे इतकी वर्षे होती, ती कविता मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. आठच ओळी होत्या. सकाळ झाली आहे, किटलीतले पाणी उकळते आहे. घरात एकच बाई आहे. ती वळते आणि थबकते. टेबलावर दोन कप कोणी मांडले? एका कपाला ओठांचा विसर पडला आहे. बाई दोन्ही कप भरते, आणि दोन्ही निवतात.

बाबांचा ब्रश टपालवाल्यांच्या हनुवटीवर तसाच थांबला.

"कोणी म्हणजे काय? तिनंच मांडले," ते म्हणाले.

"मग कवी विचारतो कशाला?"

"परवा तू बाटली फोडलीस तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"डोळे काय खिशात ठेवलेस का?"

"मग तू खिसा चाचपून बघितलास?"

घुमी हसली. टपालवालेही हसले आणि साबण त्यांच्या तोंडात गेला. "थू थू! अहो, कविता राहू द्या, आधी माझी दाढी उरका!"

"काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच गं," बाबा म्हणाले. "मनातली कळ सरळ सांगता येत नाही, म्हणून माणूस प्रश्न करतो. तिला माहीत आहे कप कोणी मांडले ते. हाताची सवय आहे ती. माणूस जातो, हाताला कोण सांगणार?"

एवढे बोलून त्यांनी वस्तरा उचलला. दाढी झाली, टपालवाले गेले. बाबांनी फडके घेतले आणि डावीकडची खुर्ची पुसू लागले. तिच्यावर कुणीच बसले नव्हते.

घुमी कितीतरी वेळ त्या फडक्याकडे पाहत राहिली. मग तिने मला मिटले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायला घेतले. 'कप त्या बाईनेच मांडले. तिला ते माहीत आहे. आमच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. माझे बाबा रोज दोन्ही पुसतात. एका खुर्चीला माणसाचा विसर पडला आहे, पण बाबांना पडलेला नाही. कपाला विसर पडला असे कवी म्हणतो, कारण बाईला विसरता येत नाही.'

मी मिटलेला होतो, तरी मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिच्या उघड्या दप्तरात होतो. बाकाबाकावर माझी धाकटी भावंडे पडलेली होती, नव्या मुखपृष्ठांची, पोटात तोच नोकर घेऊन. सर फळ्याकडे पाहत शिकवत होते. "अलंकार ओळखला, सौंदर्य वाढलं, पुढे!"

मी आतल्या आत आक्रसलो. तोच आवाज! केस मागे गेले होते, पोट पुढे आले होते, पण माणूस तोच होता.

वह्या तपासता तपासता त्यांनी घुमीची वही उचलली. "ऊठ. वाच हे मोठ्यानं. सगळ्यांना कळू दे इंग्रजीच्या वहीत न्हाव्याची खुर्ची कशी येते ते."

तिने वाचले. वर्ग खदखदून हसला. मागून कुणीतरी दोन बोटांनी कात्री चालवून दाखवली. सरही हसले, आणि त्यांनी वहीवर लाल शून्य काढले. त्या हसण्याची मला जी किळस आली, ती मोज्याचीही आली नव्हती.

"गाइड कशाला दिलाय? स्वतःचं डोकं चालवायला?"

घुमीचे कान लाल झाले होते. ती खाली बसली नाही.

"सर, गाइडमध्ये नोकर आहे. कवितेत नोकर नाही. कप धुवायचंही कुठे नाही." तिचा आवाज कापत होता. "ज्यांनी गाइड लिहिला, त्यांनी कविता वाचली होती का?"

मागच्या बाकावरची कात्री थांबली. सरांचा चेहरा आधी लाल, मग पिवळा पडला. "बस खाली," एवढेच ते म्हणाले. शून्य तसेच राहिले.

चार दिवसांनी, रविवारी सकाळी, सर दुकानात आले. उजव्या खुर्चीवर गिऱ्हाईक होते, म्हणून बाकावर बसले. मी तिथेच पडलो होतो. त्यांनी मला उचलले, आत नेमके ते पान उघडले आणि वाचले. मग मान वर करून डावीकडच्या खुर्चीकडे पाहिले. कंगवे मांडलेले होते. ते गिऱ्हाईक गेल्यावर सर उठले.

"तुमच्या मुलीच्या वर्गाला मी शिकवतो," ते म्हणाले. घुमी दारात झाडत होती, ती थांबली. "हा गाइड मीच लिहिलाय. तेव्हा कविता हाती आल्या नव्हत्या. नुसते प्रश्न होते."

"आणि नंतर आल्या तेव्हा?" बाबांनी विचारले.

"नंतर... नंतर उत्तरं तयारच होती."

बाबा वस्तऱ्याला धार लावत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "सर, मी न बघता कात्री चालवली, तर माणसाचा कान जातो. रक्त दिसतं, म्हणून माझी चूक लपत नाही. तुमच्या धंद्यात रक्त दिसत नाही, एवढंच."

सरांनी मान खाली घातली. मग घुमीकडे हात केला. "तुझं पुस्तक दे बघू."

त्यांनी ती कविता मोठ्याने वाचली. सहाव्या ओळीशी अडखळले, पुन्हा मागे आले, पुन्हा वाचली. बाबांना इंग्रजीतले अक्षरही कळत नव्हते, तरी ते ऐकत उभे राहिले. वाचून झाल्यावर सरांनी वही मागितली, शून्यावर काट मारली आणि खाली लिहिले, 'मी चुकलो होतो.' इंग्रजीत नाही, मराठीत.

आता सगळे गोड झाले असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. सोमवारी सरांनी वर्गात सांगितले की नोकराचे उत्तर खोडा. पालक तणतणत आले, "परीक्षेत मग लिहायचं काय?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, उगाच नसती खाज कशाला?" निम्म्या मुलांनी खोडलेले उत्तर पुन्हा लिहिले. वार्षिक परीक्षेत घुमीने आपलेच उत्तर लिहिले. तपासणारे कुणी दुसरेच होते. त्यांच्यासमोरही माझेच एखादे भावंड उघडे असणार. तिला पाचांपैकी एक गुण मिळाला.

ती रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तो एक तरी तुझा स्वतःचा आहे." सर मात्र तेव्हापासून प्रत्येक कविता आधी मोठ्याने वाचतात. मुले कंटाळतात. काही ऐकतात.

मित्रांनो, पुस्तके जपा असे तुम्हाला सगळे सांगतात. खरे आहे, जपा. पण मला नका जपू. मला कव्हर घालू नका, धाकट्या भावंडांसाठी मला माळ्यावर ठेवू नका. जे पुस्तक तुम्हाला विचार करू देत नाही, त्याची दया कसली?

परीक्षा संपली तशी घुमीने मला बाबांच्या हाती दिले. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला त्यांना कागद लागतो. ते रोज माझे एक पान फाडतात. त्यावर साबण येतो, दाढीचे खुंट येतात, आणि खालची अक्षरे विरघळून जातात. आज सकाळी नोकर गेला. मला अजून शंभरेक पाने आहेत, आणि दुकानात गिऱ्हाईक चांगले येते.