सात काजांचा हिरवा फ्रॉक

माझ्या सुनेला जुन्या वस्तूंचं वेड आहे. त्या वस्तूंत मला धरू नका. मी एकोणऐंशी वर्षांची असले तरी मला इलास्टिकची पँट, चिकटपट्टीचे बूट आणि मायक्रोवेव्ह ही तिन्ही फार प्रिय आहेत. इस्त्री न लागणारं कापड पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. आणि ही बया हौसेने सुती कापडाला खळ घालते, पाण्याचे शिंतोडे मारते आणि रविवारी दोन-दोन तास इस्त्री करत उभी राहते. वर गुणगुणत असते.

सकाळी सात वाजता ती डोक्याला रोलर लावून स्वयंपाकघरात येते आणि आधी रेडिओ लावते. हा रेडिओ लाकडी पेटीएवढा आहे. लावल्यावर तो मिनिटभर नुसता विचार करतो आणि मग बोलायला लागतो. मी म्हणते, "अगं, तेवढ्यात बातम्या शिळ्या झाल्या." ती म्हणते, "आई, तो गरम होतोय." चहासुद्धा गरम व्हायला वेळ लागतो, पण चहाच्या भांड्याचं कुणी रोज मऊ फडक्याने पुसून कौतुक करत नाही.

मागे एकदा तिने कुठेसं वाचलं की साठेक वर्षांपूर्वी फ्रॉकच्या आतला जाळीचा परकर साखरेच्या पाण्यात बुडवून कडक करत. लगेच केला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरापासून कपाटापर्यंत मुंग्यांची रांग. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला कुठलीही गोष्ट वर-खाली जाताना दिसली की तो थांबून बघतो. तो म्हणाला, "आई, तुमच्या वेळीही मुंग्या यायच्या?" मी म्हटलं, "यायच्या की. त्या अंगावर घेऊनच बायका नाचायच्या." सून हे वहीत लिहून घेत होती, म्हणून मला हसू आवरून सांगावं लागलं की थट्टा केली.

अशी नटूनथटून ती कामाला जाते. दातांच्या डॉक्टरांकडे समोरच्या टेबलावर बसून ती वेळा लिहून घेते. ठिपक्यांचा फ्रॉक, कोपऱ्यांत वर उचललेला चष्मा, शनिवारी हातमोजे. एक म्हातारेबुवा म्हणे दर महिन्याला दात दाखवायला येतात आणि त्यांच्या तोंडात एकही स्वतःचा दात नाही. डॉक्टर हसतात, कवळी घासून देतात आणि परत पाठवतात.

आता खरं सांगते. ती खाली रस्त्यावर उतरली की मी खिडकीत उभी राहते. फ्रॉकचा घेर चालताना असा हलतो, कोपऱ्यावर वळताना जरा मागे राहतो आणि मग तिला गाठतो. मला ते बघायला आवडतं. मी तरुण असताना असे फ्रॉक रोज माझ्या मांडीवर असायचे. अंगावर एकही कधी आला नाही.

दोन महिन्यांपूर्वी ती जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक हिरवा फ्रॉक घेऊन आली. पुढे गळ्यापासून कमरेपर्यंत सात बटणं, छोटी कॉलर, भरपूर घेर. तिने तो माझ्यासमोर उलटा केला आणि मानेजवळची आतली पट्टी दाखवली. पट्टीवर आमच्या बाईंचं नाव होतं. दोन जिने चढून वर, उत्तरेच्या खिडक्यांखाली ज्यांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं काम केलं, त्या बाईंचं. पन्नासेक वर्षांनी ते नाव वाचलं आणि तोंडातून निघून गेलं, "हा मीच शिवलेला."

घरात मी शिवणकाम करणारी म्हणूनच प्रसिद्ध आहे. मी तसं कधी सांगितलं नव्हतं. लग्न ठरताना म्हटलं, फ्रॉकच्या कारखान्यात होते; लोकांनी पुढचं आपापलं समजून घेतलं आणि मी समजू दिलं. मुलगा शाळेत सांगायचा, माझी आई फ्रॉक बेतायची. मग घरात का शिवत नाही असं कुणी विचारलं की आधी घरात मशीन नव्हतं, आणि मशीन आलं तेव्हा माझे डोळे अधू झाले. मुलाच्या शर्टावरचा डाग मात्र मला अजूनही जिन्यातून दिसतो.

मी त्या कारखान्यात काजं करत होते. फक्त काजं. बेतणं आणि कापणं मास्तरांचं, मशीन चौघींचं, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर आम्ही तिघी काजवाल्या. अकरा वर्षांत मी एकही फ्रॉक कापला नाही की शिवला नाही.

हिरव्या फ्रॉकने सुनेचं डोकं फिरवलं. दर गुरुवारी तो घालायची आणि भेटेल त्याला सांगायची, "सासूबाईंनी शिवलाय." तिच्यासारख्याच वेड्यांची एक टोळी आहे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते सगळे जुन्या पद्धतीचे कपडे करून बागेत जमतात. तिथेही सांगून आली. टोळीने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही फांदी फांदी करत वर गेले.

मग एका शुक्रवारी ती कामावरून आली ती छातीशी एक पुडकं धरून. बंद पडलेल्या कापडाच्या दुकानाचं गोदाम कुणी रिकामं केलं होतं, त्यात सापडलेलं. पिवळ्यावर पांढऱ्या छोट्या छत्र्या. आतला कागदसुद्धा तेव्हाचा.

"चार मीटर, आई," ती म्हणाली. "याच्यापुढे एक इंच जगात नाही. हिरव्यावरून मापांचा कागद मी काढलाय. मशीनवर सरळ शिवण मला येते, पण असल्या कापडाला कात्री लावायला माझा हात धजत नाही. तुम्ही कापून द्या. मी सगळ्यांना सांगितलंय."

शेवटचा रविवार नऊ दिवसांवर होता.

वेळ मारून नेण्यात मी तशी तरबेज आहे. पहिल्या दिवशी उजेड चांगला नव्हता. दुसऱ्या दिवशी कापड नुकतंच घडीतून निघालंय, त्याला विसावू दे म्हटलं. मग माझं मनगट दुखलं. मग कात्री बोथट निघाली. मुलाने ती त्याच्या कामाच्या जागी नेऊन अशी धार करून आणली की कागद नुसता दाखवला तरी फाटेल. जेवताना तो म्हणाला, "आई, कापड आणखी साठ वर्षं ठेवायचंय का?" सून त्याच्यावर डोळे वटारून म्हणाली, "उगीच घाई करू नकोस. अशी माणसं मनात आधी बेततात." मी अर्धी पोळी ताटातच ठेवली. खोटं बोललं की लोक रागावतात हे मला माहीत होतं, पण खोटं बोलल्यावर कुणी इतका मान दिला तर काय करायचं ते माहीत नव्हतं.

शनिवारी पळवाटा संपल्या. तिने सुट्टी घेतली, जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढलं, कापड पसरलं, कागद टाचून खडूने रेघा मारल्या. रेघा सुरेख होत्या. रेडिओ मंद लावला. मग कात्री माझ्यासमोर ठेवली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

मी कात्री उचलली. पाती उघडली. त्या पिवळ्या कापडावर दोनशे तरी छत्र्या असतील, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्चीत बसले आणि कात्री मांडीवर ठेवली.

"मला नाही येत," मी म्हटलं.

"मनगट दुखतंय का?"

"मनगटाला काही झालं नाहीये. मी जन्मात फ्रॉक कापलेला नाही. शिवलेलाही नाही. मी काजं करायचे, बटणांची. अकरा वर्षं तेवढंच."

तिने रेडिओ बंद केला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "पण तुम्ही म्हणालात की हिरवा..."

"थाप मारली."

"मी सगळ्यांना सांगितलंय, आई."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर आठ दिवस झोप नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कापडाचा कोपरा सरळ करत राहिली, तो आधीच सरळ होता. मग विचारलं, "अकरा वर्षांत शिकावंसं नाही वाटलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी नवऱ्यालाही दिलं नव्हतं. डावखुरी आहे मी, हे घरात सगळ्यांना माहीत आहे; बटाटे सोलताना माझ्या डाव्या बाजूला कुणी बसत नाही. पण कारखान्यात त्याचं काय झालं ते कुणाला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तुकड्यावर रेघ मारून कात्री हातात दिली. डाव्या हातात धरली की कात्रीचं वरचं पातं नेमकं रेघेवर येऊन बसायचं. मला रेघ दिसायचीच नाही. कापड दोन पात्यांमध्ये चुरगळायचं आणि काठ उंदराने खाल्ल्यासारखा व्हायचा. उजव्या हाताने धरली तर बोटं ऐकत नव्हती. मास्तर म्हणाले, डाव्या हाताला मी कापड देणार नाही. नंतर मी दोनदा पुन्हा विचारलं, एकदा पाचव्या वर्षी आणि एकदा नवव्या. दोन्ही वेळा सगळ्या मुली हसल्या आणि मी स्टुलावर परत गेले.

"मला शिकायचं होतं गं," मी म्हटलं. "फार शिकायचं होतं." आणि एवढं बोलून मी चक्क रडले. त्या मास्तरांना जाऊन तीस वर्षं झाली असतील.

सुनेने मला पाणी दिलं. मग आत जाऊन हिरवा फ्रॉक घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकला. "मग यातलं तुमचं काहीच नाही?"

"काजं आहेत," मी म्हटलं. "सातही माझीच."

"कशावरून?"

मी तिला खिडकीशी नेलं. काज म्हणजे नुसतं भोक नसतं. आधी दोऱ्याने चौकट आखायची, मग चिरायचं, मग काठाकाठाने एकेक टाका घालत त्याची गाठ कडेवर बसवत जायचं, शेवटी टोकाला आडव्या टाक्यांचा बंद. बाकीच्या दोघींचा दोरा एका दिशेने फिरायचा आणि माझा उलट. म्हणून माझ्या गाठींचा कल उलटा. मी तिच्या कपाटातला दुसरा एक फ्रॉक मागवला आणि दोन्ही काजं शेजारी धरली. तिला फरक दिसला. मग तिने डोळे मिटून दोन्हींवरून बोट फिरवलं, आणि तिला तो बोटालाही लागला.

"म्हणजे दर गुरुवारी सकाळी बटणं लावताना मी सात वेळा तुमच्या..." ती थांबली आणि हसायलाच लागली. मुलगा बाहेरून आला त्याला तिने दारातच पकडलं आणि काजं दाखवली. त्याने बघितली, मान डोलावली आणि विचारलं, "मग फ्रॉक कुणी शिवला?" तिने त्याला भाजी आणायला परत पाठवलं.

मग तिने कापडाची घडी केली, डोक्यावर हॅट ठेवली आणि "येते" म्हणून निघून गेली. कापड परत द्यायला गेली असं मला वाटलं, पण घडी तर टेबलावरच होती. मी आपली खिडकीत बसून राहिले. लाज वाटत होती, पण मन फुलासारखं हलकं झालं होतं आणि चक्क भूक लागली होती. आठ दिवसांत पहिल्यांदा मी पोळी-भाजी पोटभर खाल्ली.

दोन तासांनी ती आली. धाप लागलेली, एक रोलर सुटून कानाशी लोंबत होता. म्हणजे बाई हॅटखाली रोलर लावून गावभर हिंडली होती. तिने पिशवीतून कात्री काढून माझ्या हातात दिली. मी ती धरली आणि काहीतरी वेगळं वाटलं. अंगठ्याचा खळगा बरोबर अंगठ्यापाशी होता. पाती उलटी होती. जे खाली असतं ते वर, वरचं खाली.

"डावखुऱ्यांची आहे," ती म्हणाली.

"अशी मिळते?"

"मिळते की. कधीपासून मिळते, आई."

आधी मला आनंद झाला नाही, संताप आला. मास्तरांना, बाईंना आणि स्वतःलाही मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मग मी वर्तमानपत्र मागितलं. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी कमी वाकडी. पाचव्या वर्तमानपत्रानंतर मी कापड मागितलं आणि सुनेने नवऱ्याची जुनी चादर आणून दिली. ती जुनी नव्हती असं तो म्हणत होता, पण तोवर तिच्या चार बाह्या आणि एक कॉलर झाली होती. दिवे लागायच्या वेळेपर्यंत खोलीभर तुकडे पसरले होते आणि आम्ही तिघंही हसून हसून दमलो होतो.

रविवारी सकाळी पिवळं कापड पुन्हा टेबलावर आलं. "बागेत काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"सांगणार, हिरवा फ्रॉक कुणी शिवला ते माहीत नाही, काजं सासूबाईंची. आणि पिवळा अजून अर्धाच झालाय, पण तो कापलाय सासूबाईंनी."

"कापला तर."

"कापला तर," ती म्हणाली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन कापडाचा काठ दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी घाबरले नव्हते, याचं मलाच नवल वाटलं. मी पाती उघडली, खडूच्या रेघेच्या तोंडाशी आणली आणि मिटली. कर्र असा आवाज झाला. पहिली छत्री अर्धी झाली. मग दुसरी. कापड दोन्हीकडे सरळ पडत गेलं आणि मी थांबले नाही.

"आई, हळू," सून कुजबुजली.

"हळू कशाला?" मी म्हटलं. "मला रेघ दिसतेय."