नावेतली खोट

नाव पुन्हा वाकडी गेली. प्रकाशा गावच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभ्या हेमकांतने रिमोटचं चाक जिथल्या तिथे धरलं होतं, निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं. पण ती दीड हात लांबीची तांबडी नाव तापीच्या सपाट पाण्यावर आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी झिंगल्यासारखी गेली आणि मागे फेसाची नागमोडी रेघ सोडून थांबली. शंभर पावलं खाली, प्रवाहाच्या अंगाला, एका खडकावर त्याची लेक रोशनी उभी होती. तिने काही न बोलता हवेत हात सापासारखा वळवून दाखवला.

रोशनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. रविवारी नाशिकला कॉलेजांच्या रिमोटवर चालणाऱ्या नावांची शर्यत होती आणि ही नाव तिने वर्गातल्या दोन मैत्रिणींबरोबर चार महिने खपून बनवली होती. कॉलेजच्या टाकीत ती चालायची, पण टाकी ती केवढी, नाव पुरती पळायच्या आत भिंत यायची. खरा वेग बघायचा तर मोठं पाणी हवं. म्हणून बापलेक तीन दिवसांपासून सकाळीच लोणखेड्याहून प्रकाशाला येत होते. इथे बंधाऱ्यामुळे तापी तळ्यासारखी तुंबून असते. एकाने नाव चालवायची आणि दुसऱ्याने बाजूने डोळा लावून तिची चाल बघायची, असं ठरलं होतं. चाल ओळखायला शिकलेला डोळा हवा, म्हणून ते काम रोशनीकडे आणि रिमोट बापाकडे. रिमोटचा घोडा डाव्या हाताच्या बोटाने दाबला की वेग, उजव्या हाताने छोटं चाक फिरवलं की वळण.

आणि उजवा हात हेच हेमकांतचं दुखणं होतं.

तीस वर्षं त्याने लोणखेड्यात पाण्याच्या मोटारी भरल्या होत्या. जळालेली तार काढायची आणि केसासारखी तांब्याची तार फेऱ्यावर फेरा देत नव्याने बसवायची, हे त्याचं काम. हेमकांतने भरलेली मोटार बोअरमध्ये सोडली की मालक तिला विसरून जातो, असं केळीचे शेतकरी बोलायचे. दिवाळीपासून मात्र त्याच्या हाताला बारीक थरथर सुटली होती. बायकोला, प्रतिभाला, त्याने लचक भरली म्हणून सांगितलं. शहाद्याच्या डॉक्टरांनी नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली होती. ती घडी घालून पाकिटात ठेवल्याला दोन महिने झाले होते.

गेल्या महिन्यात चुनीलालची मोटार पंधरा दिवसांत पुन्हा जळून दुकानात आली. तीस वर्षांत अशी परत आलेली पहिलीच. हेमकांतने ती उघडून बघितली. तार खाचेत बसवताना हात घसरून तिच्यावरचा लेप खरवडला गेला होता. चुनीलाल भला माणूस. तो आपणच म्हणाला, "लाइटच अशी शे, भाऊ, तुम्ही तरी काय करशात." हेमकांतने मान हलवली. त्याने मोटार फुकट भरून दिली खरी, पण त्या मान हलवण्याने त्याची झोप उडाली होती.

म्हणून ही नाव घरात आली, तेव्हा तिच्या दुरुस्तीत तो असा बुडाला की प्रतिभाला नवल वाटलं. पहिल्या दिवशी तर त्याने हसंच करून घेतलं. नाव वेगात आली की बेडकासारखी टुणटुण उडत होती. हेमकांतने तिला उचलून मागून बघितलं, तर पाणी ढकलणारा पंखा अर्धा पाण्याबाहेर राहील असा बसवलेला. झालं, त्याला खोट सापडली. पंपाचा पंखा पाण्यात पुरता बुडालेला हवा, नाहीतर पंप हवा धरतो, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. त्याने लेकीला न विचारता पंख्याची पट्टी दोन भोकं खाली घेतली. पुढच्याच फेरीत नावेने नाक पाण्यात खुपसलं आणि वळणावर ती काठापर्यंत बुडाली. रोशनीने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन ती काढून आणली आणि ओल्या कपड्यांनी पायरीवर बसून बापाला समजावलं.

"पंपमा हवा धरी तं पाणी येत नही, हाई खरं. पण हाई शर्यतनी नाव शे, बापू. इना पंखा अर्धा बाहेर ऱ्हायना तवयच ती जोरमा पळस."

"तीस वरीस पंखा पाणीमा बुडाडा मी," हेमकांत म्हणाला, "आते तू म्हणस बाहेर काढा." आणि आपल्यावरच खो खो हसला.

तो हसू शकला, कारण ती चूक डोक्याची होती. डोक्याची चूक कोणीही करतो, ती सांगायला लाज नाही. पट्टी त्याने पुन्हा वर घेतली आणि मग नावेच्या उड्यांवर खरा इलाजही त्यानेच काढला. नाव मागून जड आहे हे ओळखून बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली. उड्या बंद झाल्या. रोशनीने त्या दिवशी मैत्रिणींना फोन करून बापूंची करामत सांगितली आणि हेमकांत शेजारच्या खोलीत ऐकत बसला.

राहिली ती ही वाकडी चाल. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. पण हे शेपूट हेमकांतच्या जिवाला लागलं होतं. नावेत खोट निघाली तर हात ठीक. नावेत काहीच निघालं नाही, तर मग हात. दोन संध्याकाळ त्याने नाव दुकानातल्या टेबलावर उलटी घालून डोळ्यांत तेल घालून तपासली. सुकाणू हलवून बघितलं, त्याची सळई बघितली, नाव समतोल ठेवणाऱ्या मागच्या दोन पट्ट्या सारख्या आहेत का ते फूटपट्टीने मोजलं, पंख्याची दांडी सरळ आहे का ते काचेवर फिरवून बघितलं. जगात कुठलाही कारागीर यंत्रात दोष सापडू नये म्हणून देवाला विनवतो. हेमकांत दोष सापडावा म्हणून विनवत होता, त्याने प्रकाशाच्या केदारेश्वराला नवसाचा नारळसुद्धा बोलला होता. पण सगळं चोख होतं. पोरींनी काम अगदी मन लावून केलं होतं.

तरी आज सकाळी घाटावर येताच तो म्हणाला, "नावमाच कायतरी ऱ्हाई जायेल शे." नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्याने आजवर हाताखालच्या माणसांना शेकडो वेळा ऐकवली असेल. आज ती त्याला आठवायची नव्हती.

रोशनी खडकावरून पाण्याच्या कडेकडेने चालत आली. तिने नाव बाहेर घेतली, तिचं पोट ओढणीने पुसलं, आणि पुन्हा पाण्यात सोडली. मग हात पुढे केला.

"द्या बरं माले एक डाव. मी चालाडी दखस."

हेमकांतने रिमोट दिला. कोर्टात निकालासाठी उभ्या असलेल्या माणसासारखा तो दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला.

रोशनीने घोडा दाबला. नाव गुरगुरत निघाली, नाक किंचित उचललं, आणि वीसेक हात ती सुतासारखी सरळ गेली. म्हणजे हातच, असं हेमकांतने धरलं. आणि मग नाव लहरायला लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. हुबेहूब तशीच.

त्याला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. हात ठीक होता. नावेतच होतं काहीतरी. आता ते शोधायचं, बस, तो शोधून काढणारच होता. हे सांगायला तो लेकीकडे वळला आणि त्याची नजर सवयीने तिच्या हातांवर गेली.

इतकी वर्षं त्याने माणसांना काम शिकवलं ते त्यांच्या हातांकडे बघून. यंत्र काय करतंय हे नंतर, आधी हात काय करतायत ते. रोशनीची नजर नावेवर खिळलेली होती आणि तिच्या उजव्या हाताची बोटं चाक हलवत होती. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. बारीक, अगदी मापून. बापूंचं लक्ष पाण्यावर आहे असं तिला वाटत असावं.

"दखा बापू," ती वर न बघता म्हणाली, "मन्हा हातमा बी तशीच करी ऱ्हायनी. नावमाच खोट शे."

पोरगी हाताचं कधीपासून जाणून होती, याचा हिशेब हेमकांतच्या मनात आपोआप लागत गेला. महिनाभर मोटारसायकल तीच चालवत होती, या तीन दिवसांत नाव मांडीवर धरायला बापूच लागतात म्हणून. त्याआधी नाव नव्हती, तेव्हा सराव व्हायला हवा म्हणून. दुकानातले बारीक पेच ती येताजाता गंमत म्हणून बसवून टाकायची. आणि हा शहाणा समजत होता की आपण सगळ्यांपासून लपवलं आहे. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या वर लेकीची माया इतकी दाटून आली की तिला जवळ ओढून रडावंसं वाटलं. खानदेशातला बाप कुठे तसं करतो? त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"आन इकडे. दखस मी."

नाव पायरीवर उलटी ठेवून तो उकिडवा बसला. सगळे स्क्रू घट्ट होते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. काल त्यानेच आवळले होते. त्याने सुकाणूचा स्क्रू निवडला. उजव्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना, तेव्हा डाव्या हाताने मनगट धरून बसवला. रोशनी त्या वेळी पलीकडच्या काठावरच्या केळीच्या बागा बघत होती. त्याने स्क्रू पाव फेरा सैल केला आणि पुन्हा पाव फेरा आवळला.

"झायं. चालाड आते."

तिने नाव पाण्यात ठेवली. या वेळी हेमकांतने तिच्या हातांकडे बघितलं नाही, मुद्दामच. नाव निघाली आणि वेग घेत गेली, पंखा पाणी मागे उडवत राहिला, आणि खालच्या खडकापर्यंत, त्याच्याही पुढे, ती जराही न ढळता गेली. वळून परत आली तीही तशीच. दोघं बराच वेळ त्या पांढऱ्या सरळ रेघेकडे बघत राहिले. ती विरली तेव्हा रोशनीने विचारलं, काय होतं.

"सुकाणूना स्क्रू," हेमकांत म्हणाला. "केसभर ढिला व्हता."

"माले सापडनाच नसता," ती म्हणाली.

तिने नाव पुसून पिशवीत घातली. मग पिशवीचा पट्टा बांधता बांधता, रविवारची शर्यत झाली की सोमवारी नाशिकलाच राहू, तिथे आपलं एक काम आहे, असं तिने सहज सांगितलं. कसलं काम, हे हेमकांतने विचारलं नाही. राहू, म्हणाला. पाकिटातली चिठ्ठी तिने कधी बघितली, हेही विचारलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "जाताना चुनीलालकडे थांबनं शे. त्यानी मोटार लाइटमुळे नही जळनी. मन्हा हातमुळे जळनी. त्याले सांगनं पडी."

रोशनीने नुसती मान हलवली. तिचे डोळे लाल झाले होते, म्हणून ती चहा आणते म्हणत भराभर पायऱ्या चढून गेली. वर टपरीवर एक बस येऊन थांबली होती, गर्दी होती. ती बरीच उशिरा परतली, दोन्ही हातांत कागदी कप घेऊन, एकेक पायरी सांभाळत.

तिने बापाच्या हातात दिला तो कप अर्धाच होता. तिचा काठोकाठ भरलेला. टपरीवाला कोणाला अर्धा चहा देत नाही, हे हेमकांतला ठाऊक होतं. त्याने कप दोन्ही हातांत धरला. थेंबही न सांडता, सावकाश, सगळा प्यायला.