ताईचा पाय आणि जगाचं तेल

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं निवृत्त मुद्रितशोधक स्वतःला सांगत. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. त्यांनी ते टाळलं होतं. 'गुडघा आखडलाय,' थोरल्या बहिणीनं लिहिलं होतं. 'बसमध्ये बसवत नाही. इथं एकटीला आता जमत नाही रे. तुझ्या त्या हत्तीत पाय लांब करून येईन. कधी येतोस न्यायला?' फोनवर तिला ऐकू येत नसे, म्हणून पत्र.

हत्ती म्हणजे त्यांची आठ जणांची गाडी. घेतली तेव्हा घरात माणसं तीन. लिटरला जेमतेम पाच किलोमीटर. ती पेट्रोल पिते म्हणणं म्हणजे तिला सभ्य ठरवणं झालं, ढोसायचीच ती. पंपावरचा माणूस मात्र त्यांना पाहताच खुर्चीवरून उठे. एवढा मान त्यांना छापखान्यात उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

ताई कायमची राहायला येणार आणि लहानपणासारखी उठता-बसता चुका काढणार, हे त्यांना नको होतं. नाही म्हणायची छाती नव्हती. मग त्यांना अचानक पृथ्वीची काळजी वाटू लागली. आटत चाललेल्या तेलसाठ्यांच्या बातम्या ते जेवताना मोठ्यानं वाचू लागले.

"गाडी विकतो," एके दिवशी त्यांनी जाहीर केलं. "पुढच्या पिढीला तेल उरायला नको?"

"पुढची पिढी मीच की," सून म्हणाली. "मला कधी विचारलंत?"

"अगं, जगाचा प्रश्न आहे."

"बाबा, परवा कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणायला हत्ती काढलात, तेव्हा जग कुठं गेलं होतं? आणि आत्यांना काय कळवलंत?"

त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"म्हणजे कळवलंच नाहीत. तेल संपायची वाट बघताय, की आत्या संपायची?"

ठसका लागला. तेलाबद्दलचे त्यांचे मुद्दे खरे होते, हीच त्यातली लाजिरवाणी गोष्ट. गाडी विकायलाच हवी होती. पण ताईला आणल्यावर.

ते ताईला उत्तर लिहायला बसले. पहिला कागद तेलाच्या जागतिक पुरवठ्यातच भरून गेला. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यावर लिहिलं : 'ताई, पुढच्या शनिवारी येतो. मागची सीट काढून गादी टाकतो. घरी पोचल्यावर काय बोलायचं ते बोल. वाटेत पेट्रोलच्या काट्याकडे तेवढं बघू नकोस. मग हत्ती विकू.'

विचार बदलायच्या आत त्यांनी पाकीट चिकटवलं, घरातल्या सपातांवरच रस्त्यावर आले आणि ते पेटीत टाकलं.