बदकाचं भांडं

लोक घरात फोटो लावतात. आमच्या आईनं व्हरांड्यात आम्हा तिघा भावंडांची शी-शूची भांडी टांगली आहेत. इनॅमलची, लहानपणची, प्रत्येकात सतापाचं एकेक रोप. रुबिएलाच्या भांड्यावर गुलाब, माझ्या भांड्यावर बदक आणि अनिबालचं कोरं, कारण तोवर बाबांचा खर्चाचा हात आखडला होता. पाहुणे आले की मी लाजेनं अर्धी होते. आई बिनधास्त सांगते, "ज्याचं भांडं त्याचं झाड. दृष्ट आली की आधी झाडाला लागते."

मी यावर खूप हसायची. मग घाटात अनिबालची जीप दरीत गेली. त्या सकाळी त्याचं रोप काडीसारखं वाळलेलं होतं, आणि आदल्या दिवशी मीच त्या हिरव्यागार रोपाला पाणी घातलं होतं. तेव्हापासून मी हसत नाही.

यंदा माझ्या पाठच्या बहिणीच्या, रुबिएलाच्या हृदयाची झडप बिघडली. पेरेइरा शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं आणि इकडे तिचं रोप पिवळं पडायला लागलं. आईनं अन्न सोडलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी व्हरांड्यात गेले, तर गुलाबाच्या भांड्यातला सताप टवटवीत! क्षणभर वेड्यासारखा आनंद झाला. मग देठाला बांधलेला लाल दोरा दिसला. तो अनिबाल गेल्यावर मीच बांधला होता, माझ्या झाडाला, शिवणाच्या गाठीनं. बदकाच्या भांड्यात पिवळं रोप मान टाकून बसलं होतं. माती ओली, नुकतीच उकरलेली.

आई स्वयंपाकघरात मक्याचे आरेपा थापत होती. नखांत माती.

"आई, माझं झाड रुबिएलाच्या भांड्यात कसं गेलं?"

"पाय फुटले असतील."

"आई!"

"तिला तीन लेकरं आहेत, नोएमी."

"आणि मला?"

"तुला शिलाई मशीन आहे."

कुणी थोबाडीत मारल्यासारखी मी उभी राहिले. मग तोंड सुटलंच माझं. "वा गं शहाणे! पण जीव भांड्यात असतो की झाडात? झाडात असला, तर ते पिवळं अजून तिचंच आहे. ते मेलं तर कोण जाईल, मी की तुझी लाडकी?"

तिचा हात थांबला. आई घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"मला काय माहीत?" ती पुटपुटली. "सुचलं ते केलं, पोरी."

रोपं पुन्हा बदलायला कितीसा वेळ लागणार होता? मी खुरपं घेऊन भांड्यांखाली उभीही राहिले. पण तिकडे बहिणीची छाती उघडी पडलेली आणि इकडे मी मुळं उपटायची? माझ्यानं झालं नाही. रागानं रडले आणि खुरपं ठेवून दिलं.

दुपारी फोन आला. सगळं नीट पार पडलं होतं, रुबिएला शुद्धीवर आली होती. आईनं फोनचे मुके घेतले, सगळ्या संतांचे आभार मानले. मग वळून माझ्याकडे पाहिलं आणि फोन हळूच खाली ठेवला.

संध्याकाळी तिनं मला व्हरांड्यात बसवलं. हातात गरम चॉकलेट दिलं, आत आमच्याकडे घालतात तसा चीजचा मोठा तुकडा, जो कायम रुबिएलाचा असायचा. स्वतःची शाल माझ्या खांद्यावर घातली आणि मागे उभी राहून माझे केस विंचरू लागली.

"आई, मला काही झालेलं नाही."

"मी कुठं काय म्हणाले?" फणी हळूहळू फिरत होती. "तुला रंग कुठला आवडतो गं? कधी विचारलंच नाही मी."

"निळा."

"निळा," ती म्हणाली. "बरं. निळा झगा आहे ना तुझ्याकडे? इस्त्री करून ठेवते."

वारा नव्हता. तरी बदकाच्या भांड्यातून पानं गळत होती, एकेक, माझ्या चपलांशेजारी. उठायला हवं होतं, खुरपं हाताशीच होतं. पण आईचा ऊबदार हात माझ्या डोक्यावर होता आणि त्यासाठी मी आयुष्यभर वाट पाहिली होती. मी उठले नाही.